विमानात बाळ नेमकं बसवायचं कशात आणि बांधायचं कसं: कार सीट, लूप बेल्ट, बॅसिनेट सगळं एका जागी

बाळाला घेऊन पहिल्यांदा विमानात बसायचं म्हटलं की सगळेजण डायपर किती न्यावेत आणि टेकऑफला दूध कधी पाजावं हे भरभरून सांगतात, पण बाळ बसणार कशात, ती वस्तू सीटला कशी बांधायची आणि ती बांधणार कोण, यावर धड कुणी बोलत नाही. आम्ही मुलगी काही महिन्यांची असल्यापासून तिला घेऊन फिरतोय, त्यात जे कळत गेलं ते इथे क्रमाने लिहितोय, कारण ही माहिती दहा ठिकाणी तुकड्या तुकड्यात मिळते आणि त्यातले अर्धे तुकडे एकमेकांशी भांडतात.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. विमानाच्या साध्या सीटला एकच पट्टा असतो, कमरेचा. खांद्यावरून येणारा पट्टा नाही, गाडीत बाळाची सीट अडकवायला असतात तसे आयसोफिक्सचे हूक नाहीत, मागे अडकवायचा टॉप टेदरही नाही. म्हणजे तुमची कुठलीही वस्तू फक्त कमरेच्या पट्ट्यावर घट्ट बसत असेल तरच ती विमानात उपयोगाची, मग ती कितीही महागाची असो.

१. मांडीवर की स्वतःच्या सीटवर, हे आधी ठरवा

२ वर्षांखालचं बाळ मांडीवर घेऊन प्रवास करता येतो. २ वर्षं पूर्ण झाली की वेगळी सीट घ्यावीच लागते, आणि इथला ट्रॅप म्हणजे जाताना बाळ पावणेदोन वर्षांचं आणि परत येताना दोनाच्या पुढे गेलेलं, मग परतीचं तिकीट सीटसकट काढावं लागतं. वाढदिवसाची तारीख आणि परतीची तारीख शेजारी शेजारी ठेवूनच बुकिंग करा.

पैशाचा विचार सगळेच करतात, त्यात गैर काही नाही, पण जोराचा हिशोब एकदा करून बघा. आजच्या विमानातल्या सीटची चाचणी पुढच्या दिशेने १६ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १६ पट, एवढ्या झटक्याला होते. ८ किलोचं बाळ त्या क्षणी हाताला १२८ किलोचं लागेल. एवढं वजन कुठल्या आईबापाच्या हातात टिकतं? १९८९ च्या जुलैमधे अमेरिकेत सू सिटीला युनायटेड एअरलाइन्सचं २३२ नंबरचं विमान कोसळलं, त्यात चार मुलं वेगळ्या सीटशिवाय प्रवास करत होती आणि त्यातलं एक बाळ गेलं. त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे पालकांना अशी बाळं जमिनीवर ठेवून धरायला सांगितलं होतं. त्या विमानातल्या मुख्य फ्लाइट अटेंडंट जॅन ब्राऊन यांनी नंतर कितीतरी वर्षं या एका मुद्द्याचा पाठपुरावा केला. अमेरिकेत विमानांचे नियम ठरवणारी सरकारी संस्था एफएए मांडीवर बाळ नेऊ देते, पण सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे मंजूर झालेल्या बाळाच्या कार सीटमधे, मांडीवर नाही, असंही तीच स्पष्ट सांगते.

अपघात तर क्वचित होतात, पण हवेतले धक्के नेहमीचेच आहेत आणि ते सांगून येत नाहीत. माझं मत विचाराल तर लांबच्या फ्लाइटला जमत असेल तर सीट घ्या.

२. कार सीट नेणार असाल तर घरीच तपासणी

आधी स्टिकर शोधा. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सीटवर लाल अक्षरात लिहिलेलं असतं की ही सीट गाड्यांसाठी आणि विमानासाठी प्रमाणित आहे. हे वाक्य असेल तर अमेरिकन एअरलाइन्सवर वाद घालायची वेळ सहसा येत नाही. युरोपातल्या सीटवर आर४४ किंवा आर१२९ या तिथल्या सुरक्षा मानकांचा नारिंगी शिक्का असतो, पण शिक्का आहे म्हणून ती विमानात बसेलच असं नाही, कारण त्यातल्या बऱ्याच सीट गाडीतल्या तीन टोकांच्या (कमर आणि खांदा दोन्हीच्या) पट्ट्यावर किंवा आयसोफिक्सवर बेतलेल्या असतात. काहींवर ट्यूव्ह या जर्मन तपासणी संस्थेचं विमानासाठीचं वेगळं प्रमाणपत्र असतं, ते असेल तर उत्तम. नसेल तर मॅन्युअलमधे विमानाचं पान शोधा आणि त्याचा फोटो फोनमधे ठेवा. चेक-इन काउंटरवर तोंडी सांगण्यापेक्षा ते पान दाखवलं की काम पटकन होतं.

मग टेप घ्या आणि रुंदी मोजा. एफएएच्या हिशोबाने ४० सेंटीमीटरपर्यंतची सीट बहुतेक विमानांत बसते. सगळ्यात रुंद भाग मोजायचा, म्हणजे कप होल्डर, बाजूची कुशनं सगळं धरून. नुसता बुडाचा भाग मोजलात तर ऐनवेळी आर्मरेस्टमधे अडकते आणि मागे बोर्डिंगची रांग खोळंबलेली.

बाकी पटापट सांगतो:

- नवजात बाळाच्या सीटचा गाडीतला बेस न्यायचा नाही. बेसशिवाय, नुसत्या पट्ट्याने बसते का ते मॅन्युअलमधे बघा, सगळ्या नाही बसत.
- पुढे जमिनीला टेकणारा पाय असलेल्या सीट बहुतेक कंपन्या विमानात चालत नाहीत असंच लिहितात. तो पाय मिटवून सीट वापरता येते का तेही तिथेच बघा.
- बूस्टर (मोठ्या मुलाला उंच बसवणारी बैठक) विसरा. त्याला खांद्याचा पट्टा लागतो आणि तो विमानात नाही, त्यामुळे टॅक्सी (विमान जमिनीवर चालत असताना), टेकऑफ, लँडिंगला बूस्टर चालत नाही. सामानात टाका आणि उतरल्यावर गाडीत वापरा.
- एक्सपायरी डेट बघा. प्लास्टिकवर कोरलेली किंवा स्टिकरवर छापलेली असते. कुणाकडून वापरलेली सीट घेतली असेल तर ती अपघातात सापडली नव्हती ना हे विचारूनच न्या.

आणि निघायच्या आधी घरी एकदा रिकाम्या सीटमधून पट्टा ओवून बघा, साधी ओढणी घेतली तरी चालेल. मागे तोंड असताना पट्टा एका वाटेने जातो आणि पुढे तोंड असताना दुसऱ्या, आणि दोन्ही खाचा दिसायला सारख्याच. विमानात अंधुक उजेडात, बाळ कडेवर रडत असताना ही वाट शोधणं म्हणजे डोक्याला ताप.

३. बुकिंग करताना फोन कराच

वेबसाइटवर बाळाची टिक केली म्हणजे झालं असं समजू नका, तिथे बहुतेक वेळा फक्त तिकीट होतं. एअरलाइनला फोन करून किंवा चॅटवर तीन गोष्टी विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा: आमच्या मॉडेलची कार सीट चालेल का, कुठल्या सीटवर चालेल, आणि बॅसिनेट (विमानातल्या भिंतीला अडकवायचा बाळाचा पाळणा) हवं असेल तर त्याची नोंद झाली का.

कार सीट शक्यतो खिडकीला. कारण सरळ आहे, विमान घाईत रिकामं करावं लागलं तर कुणाच्याही वाटेत ती येता कामा नये. दोन आइल (चालायच्या वाटा) असलेल्या मोठ्या विमानात मधल्या रांगेची आतली सीटही चालते. आइलची सीट नाही, आणि इमर्जन्सी एक्झिटची रांग तर नाहीच, बरेचदा तिच्या पुढची मागचीही नाही.

आता एक गोष्ट जी आम्हाला कुणीच आधी सांगितली नव्हती. काही सीटच्या कमरेच्या पट्ट्यातच एअरबॅग असते, पट्टा हाताला जाडजूड लागतो, भिंतीसमोरच्या पहिल्या रांगेत आणि बिझनेस क्लासमधे असे पट्टे भेटतात. त्यावर कार सीट बांधायची नाही. तिरप्या बसवलेल्या बिझनेसच्या सीटलाही बऱ्याचदा नाहीच म्हणतात. शिवाय पहिल्या रांगेत ट्रे आर्मरेस्टमधे लपवलेले असतात म्हणून ते आर्मरेस्ट वर होत नाहीत आणि जागा अजून आकसते. म्हणजे बॅसिनेटसाठी जी रांग सगळ्यात भारी, तीच कार सीटला सगळ्यात अडचणीची. दोन्ही एकत्र मागू नका, एक ठरवा.

आणखी एक, मांडीवर बाळ असलेली दोन कुटुंबं एकाच बाजूच्या एकाच रांगेत सहसा बसवत नाहीत. प्रत्येक ओळीत ऑक्सिजनचे मास्क सीटपेक्षा साधारण एकच जास्त असतात म्हणून. तेव्हा मित्राच्या कुटुंबाशेजारी बसू द्या म्हणून क्रूशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही, पुढची मागची रांग घ्या.

४. सोबत ठेवायचे कागद आणि वस्तू

कागद: बाळाचं स्वतःचं तिकीट किंवा मांडीवरच्या बाळाची नोंद असलेलं तुमचं तिकीट, वयाचा पुरावा (देशाबाहेर जाताना बाळाचा स्वतःचा पासपोर्ट), कार सीटच्या मॅन्युअलचं विमानाचं पान, स्टिकरचा फोटो, एअरलाइनचा ईमेल.

वस्तू: जाड कापडी पिशवी किंवा कव्हर, एक छोटा टॉवेल, ओले वाइप्स, झिप लागणाऱ्या दोन प्लास्टिक पिशव्या, बॅसिनेटसाठी स्वतःची पातळ चादर. बॅटरीवर चालणारा बाळाचा मॉनिटर किंवा बाटली गरम करायचं यंत्र असेल तर ते केबिन बॅगेत घ्या. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत.

५. कार सीट विमानात बसवणं

बाळं असलेल्यांना आधी बोलावतात, ती संधी सोडू नका. शक्य असेल तर एकाने सीट घेऊन आधी आत जायचं आणि दुसऱ्याने बाळाला घेऊन शेवटी यायचं.

अ) विमानाची सीट सरळ करा, मधला आर्मरेस्ट वर करा, कोपर हलवायला जागा मिळते. कार सीट ठेवा आणि पाठीला पूर्ण मागे टेकवा.

आ) पट्टा योग्य खाचेतून ओवा. पिळ पडला असेल तर काढा. बकल लावा आणि मग एका हाताने किंवा गुडघ्याने सीटवर वजन देऊन दुसऱ्या हाताने पट्ट्याचं मोकळं टोक ओढा. नुसतं ओढलं तर पट्टा घट्ट वाटतो पण सीटखाली गादी दबलेली नसते आणि थोड्या वेळात सगळं ढिलं होतं.

इ) पट्टा जिथून जातो तिथेच सीट धरून हलवून बघा. अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त सरकायला नको. वरचं टोक धरून हलवलं तर ते हलणारच, त्याला वरून बांधलेलंच काही नाही, त्याने घाबरू नका.

ई) आता बकल एकदा उघडून परत लावा. विमानाच्या बकलचं झाकण वर उचलावं लागतं, आणि कार सीटच्या आत ते प्लास्टिकला टेकलं तर उचलायला जागाच उरत नाही, बोटं आत जातात पण झाकण अर्ध्यातच अडतं. तसं होत असेल तर पट्टा ढिला करून बकल थोडं बाजूला सरकवा आणि परत आवळा. हे उतरताना कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं, आणि झाकण बाळाच्या पाठीत रुततंय का तेही तेव्हाच बघून होतं.

उ) मागे तोंड असलेल्या सीटला कलण्याची रेघ किंवा बुडबुडा असतो. विमान गेटला उभं असतानाच तो बघायचा. चढताना विमानाचं नाक वर असतं, तेव्हाचं रीडिंग काही कामाचं नाही. सीट फार उभी वाटली आणि मॅन्युअल परवानगी देत असेल तर बाळाच्या पायाकडच्या कडेखाली टॉवेलची गुंडाळी घाला, नाहीतर लहान बाळाची मान पुढे पडते. समोरचा प्रवासी सीट मागे पाडू शकणार नाही, हे क्रूला आधीच सांगून ठेवा, त्यांनी सांगितलेलं समोरचे ऐकतात, आपण सांगितलं की तोंड वाकडं होतं.

ऊ) बाळाला बसवताना जाड जॅकेट काढा, पट्टे आवळा, मग वरून पांघरूण. खांद्याशी पट्ट्याची चिमूट घेऊन बघा, चिमटीत पट्टा आला तर अजून ढिला आहे. छातीची क्लिप असेल तर ती काखेच्या रेषेत. मागे तोंड असताना पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा खालून, पुढे तोंड असताना खांद्याच्या रेषेत किंवा वरून यायला हवेत.

क्रूमधल्या कुणाला शंका आली तर चिडू नका. एकदा एका फ्लाइटवर आम्हाला सीट उलटी बसवा म्हणून आग्रह झाला, म्हणजे मागे तोंड असलेली पुढे करा. मॅन्युअलचं पान दाखवलं, त्यांनी त्यांच्या सीनिअरला विचारलं, दोन मिनिटांत विषय संपला. अमेरिकन नियमात तर मंजूर सीट आणि तिकीट दोन्ही असेल तर एअरलाइनला सरसकट नाही म्हणता येत नाही, फक्त सीट कुठे ठेवायची ते ती ठरवू शकते.

आणि विमान रिकामं करायची वेळ आली तर बाळ काढायचं, कार सीट तिथेच सोडायची. त्यासाठी हार्नेस (बाळाला बांधणारे कार सीटचे पट्टे) एका हाताने उघडता येतो ना ते घरी बघून ठेवा.

६. थोडं मोठं मूल असेल तर केअर्स हार्नेस

कार सीट ओढत न्यायची नसेल तर केअर्स नावाचा पट्ट्यांचा हार्नेस मिळतो. एफएएने तो २००६ मधे मंजूर केला. वजन साधारण अर्धा किलो, पर्समधे मावतो. मूल १ वर्षाच्या वरचं, १० ते २० किलो वजनाचं, १०० सेंटीमीटरपर्यंत उंचीचं आणि स्वतः ताठ बसणारं हवं. तान्ह्या बाळासाठी नाहीच.

लावायचा असा: त्याचा लाल पट्टा सीटच्या पाठीभोवती गुंडाळायचा, त्यासाठी मागच्या रांगेतल्या माणसाला विनंती करून त्याचा ट्रे उघडायचा, पट्टा ट्रेच्या आतल्या बाजूने गेला पाहिजे म्हणजे नंतर त्याला ट्रे वापरता येतो. पट्टा मुलाच्या खांद्याच्या उंचीला आणून आवळा, विमानाचा कमरेचा पट्टा हार्नेसच्या खालच्या लूपमधून ओवून लावा, मग छातीची क्लिप, मग खांद्याचे पट्टे. कमरेचा पट्टा पोटावर नको, मांड्यांच्या वर हाडाला टेकलेला हवा. अमेरिकेबाहेरच्या एअरलाइनला आधी विचारून घ्या, सगळे मानत नाहीत.

७. बाळ मांडीवरच असेल तर

इथे देशागणिक उलटसुलट नियम आहेत. युरोप, ब्रिटन, ऑस्ट्रेलियाच्या एअरलाइन्समधे क्रू लूप बेल्ट देतो, छोटा पट्टा, त्याला शिवलेल्या लूपमधून तुमचा पट्टा ओवायचा. आधी तुमचा पट्टा तुमच्या कमरेला घट्ट, मग बाळ तुमच्याकडे पाठ करून बसवायचं आणि छोटा पट्टा त्याच्या पोटाभोवती. अमेरिकन नियमात हाच लूप बेल्ट टॅक्सी, टेकऑफ, लँडिंगला चालत नाही, तिथे बाळ हातात धरायला सांगतात. त्यांचं म्हणणं असं की झटक्यात मोठ्या माणसाचं वजन बाळावर येतं. दोघांच्या मुद्द्यात तथ्य आहे, आपण त्या त्या विमानातल्या क्रूचं ऐकायचं.

पण कुठल्याही देशात, कुठल्याही एअरलाइनवर, तुमचा स्वतःचा पट्टा बाळासकट दोघांभोवती लावायचा नाही. बाळ मधे चेंगरतं. हे इतक्या सहज लोक करतात की दर वेळी बघून अंगावर काटा येतो.

कापडी बेबी कॅरिअर हवेत असताना झकास, हात मोकळे राहतात. टेकऑफ लँडिंगला बरेच ठिकाणी काढायला लावतात, अमेरिकेत तर नक्कीच.

८. बॅसिनेट

बॅसिनेट एअरलाइनचं असतं, भिंतीला अडकतं, आणि ते क्रूनेच बसवायचं. छोट्या विमानात बहुधा नसतंच. वजनाची मर्यादा एअरलाइनप्रमाणे साधारण ९ ते १४ किलोच्या मधे असते, लांबीचीही असते, आणि स्वतः उठून बसणारं बाळ असेल तर काही ठिकाणी देत नाहीत. संख्या मोजकी, म्हणून नोंद असली तरी चेक-इनला परत विचारा.

ते टेकऑफनंतर लावतात आणि लँडिंगच्या आधी काढतात. लावल्यावर दोन्ही बाजूच्या खिट्ट्या बसल्याचा आवाज आला का ऐका आणि क्रू समोर असतानाच कडा धरून खाली दाबून बघा. वर जाळी किंवा पट्टा असेल तो दर वेळी लावायचा, बाळ झोपलंय म्हणून सोडायचा नाही. आत उशी, खेळणी, जाड ब्लँकेट काही नको, बाळ पाठीवर. त्यावर बॅग अडकवू नका, बाटली ठेवू नका.

सीटबेल्टची खूण लागली की बहुतेक एअरलाइन्स बाळ बाहेर काढायला सांगतात. नुकतंच झोपलेलं बाळ उचलताना जीव जातो, मान्य, पण बॅसिनेट धक्क्यांसाठी बनवलेलंच नाही.

पहिल्या रांगेत समोर सीट नसते म्हणून टेकऑफला बॅगही वर जाते, तेव्हा एक डायपर, वाइप्स आणि बाटली एवढं खिशात काढून ठेवा.

टॉयलेटमधल्या बदलायच्या फळीबद्दल एवढंच: ती उघडल्यावर हाताने जोर देऊन बघा, आणि बाळावरचा एक हात काढू नका. सगळ्या टॉयलेटमधे ती नसते, क्रूला विचारून जा.

९. सामानात टाकणं आणि नंतरची निगा

कार सीट केबिनमधे वापरणार नसाल तर ती काउंटरवर द्यायची की गेटवर, यात मी गेटवर म्हणेन, हाताळणी कमी होते. कव्हरमधे घालून द्या, सुटे भाग टेपने बांधा. ताब्यात आल्यावर लगेच कापड वर करून आतला थर्माकोल आणि प्लास्टिकचं कवच बघा, बारीक तडा, पांढरी पडलेली रेघ, वाकलेलं बकल. काही दिसलं तर एअरपोर्ट सोडायच्या आधी बॅगेज काउंटरवर पीआयआर (सामान खराब झाल्याचा अहवाल) लिहून घ्या, फोटोसकट. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रिअल करारानुसार खराब झालेल्या सामानाची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत करावी लागते. आणि तडा गेलेली सीट चिकटवून वापरू नका.

धुण्याचं म्हणाल तर प्रवासात बाळाने उलटी केली की पाणी ओतू नका, वाइप्सने पुसा, काढता येणारं कापड झिपच्या पिशवीत. घरी आल्यावर कापड काढायच्या आधी पट्टे कुठून कसे गेलेत त्याचा फोटो काढा, नाहीतर परत जोडताना हमखास एक पट्टा चुकीच्या खाचेत जातो. कापड लेबलप्रमाणे धुवा, पण हार्नेसचे पट्टे मशीनमधे नाही, भिजत घालायचे नाहीत, ब्लीच नाही, इस्त्री नाही. ओलं फडकं, सौम्य साबण आणि सावलीत वाळवणं बास. धागे मऊ दिसले तरी आतून कमजोर होतात.

बकल चिकट झालं, टक आवाज येईनासा झाला, तर बहुधा आत खाऊचा चुरा असतो. मॅन्युअलमधे चालतं असं लिहिलं असेल तर कोमट पाण्यात बकल हलवून घ्या आणि पूर्ण वाळू द्या. तेल, ग्रीस अजिबात घालू नका, त्यावर धूळ बसून अजून अडकतं. तरी आवाज आला नाही तर कंपनीकडून नवीन बकल मागवा. त्यासाठी मॉडेल नंबर आणि बनवल्याची तारीख लागते, स्टिकरचा फोटो फोनमधे असेलच. त्याच नंबरावर कंपनीच्या साइटवर सीट रजिस्टर करून टाका, रिकॉल निघाला (दोष सापडून कंपनीने सीट परत बोलावली) तर मेल येतो.